ओळ दोनशे सतरा

अक्कलकोट रोडच्या बंद चादर कारखान्याची
थकबाकीची यादी माझ्याकडे आहे.
साडेचारशे नावं. दुपारचे तीन.
पंखा नुसताच कागद हलवतोय.

समोर सोजरबाई. आडनाव कुऱ्हाडे.
पिशवीतून ओळखपत्र काढतात,
त्याच्या घडीत शेंगाचटणीचं तेल मुरलंय.
मी नाव टाइप करतो. शोध.
सापडलं नाही.
परत. सापडलं नाही.
त्या उठून पडद्यावरच बोट ठेवतात,
"ही काय की मी, हितंच हाय."
ओळ दोनशे सतरा: कुर्‍हाडे सोजर महादेव.
मलाही दिसतंय.

आतून गड्डमअण्णा ओरडतात,
"का बे, नाव वाचता येईना का?"

मी नाव उसवायला घेतो.
बॅकस्पेस. मात्रा गळते, ड उघडा पडतो.
बॅकस्पेस. ड गेला.
मग काना, मग ह.
पाटीवर एका थुंकीत पुसायचो आम्ही सगळं.
क एकटा काढला तर उकार मागे राहतो
ठिपक्यांचं कडं धरून
◌ु
आणि कुणाचा म्हणून विचारलं तर सांगता येत नाही.

डोळ्याला तीन अक्षरं, कु ऱ्हा डे.
मी टाइप केलेल्याच्या पोटात आठ.
यादीतल्याच्या पोटात नऊ.
ते नववं वाचता येत नाही,
छापलं तर शाईही खात नाही.
र आणि ह एकमेकांना धरून राहावेत म्हणून
कुणा जुन्या ऑपरेटरनं मध्ये घातलेला सांधा.
माझ्या कीबोर्डवर तोच आकार
खाली टिंब असलेल्या र पासून होतो.
यंत्र आकार बघत नाही, पोट मोजतं.

वेळ काढायला विचारतो,
कारखान्यात काय करत होता?
"जोडायचे."
म्हणजे?
"जुनं बीम सपलं की नव्याचे धागे
जुन्याला जोडायचे. एकेक.
दोन-दोन हजार टोकं.
गाठ दिसली की मुकादम पैशे कापायचा."
आणि बोटं चोळून दाखवतात,
अंगठा नि पहिलं बोट,
मध्ये काहीच नसताना.

मी शोधाला एक नियम लिहून दिला,
हे आणि ते एकच समज.
सापडलं: एक.
सोजरबाईंनी सही केली,
आडनावाशी थांबून, ऱ्ह ला दोनदा गिरवून.

त्या गेल्यावर नुसतं ऱ्ह शोधलं.
अकरा.
बोऱ्हाडे, तऱ्हाळे, आणखी तीन कुऱ्हाडे,
आणि गोऱ्हे विठोबा,
जे मंगळवारी कुमठ्याहून सायकलवर आले होते,
ज्यांना मी पडदा वळवूनही दाखवला नव्हता,
नाही म्हणालो होतो, मामा,
यादीत नाही तुम्ही,
आणि ते बरं म्हणाले होते.
फोन नंबर घेतलेला नाही.