सत्तावीस नंबरचं कुलूप

बा कपेम्ब्वा पॅनलसमोर उभे राहतात
तेव्हा डावा हात खिशात घालतात.
पहिल्या आठवड्यात वाटलं, म्हाताऱ्याची ऐट.
मग एकदा टेस्टर माझ्या हाती देत म्हणाले,
दोन्ही हात आत घातलेस
तर वीज एका हातातून शिरते, दुसऱ्यातून निघते,
आणि वाटेत काय लागतं, सांग?
मी म्हटलं, छाती.
मग खिसा कशाला असतो, म्हणाले.

माझ्या डांगरीचा डावा खिसा फाटका होता.
आईने त्याच रात्री शिवला,
कशासाठी ते न विचारता.

पहिलं वर्ष केबल सोलण्यात गेलं.
उकडलेल्या शेंगेसारखं साल निघायला हवं,
आतल्या तांब्यावर ओरखडा नको.
हे तांबं इथलंच, आमच्या पायाखालचं.
ते वर येतं, जगभर फिरतं, तार होऊन परत येतं,
आणि त्याच तारेतून वीज खाली जाते
आणखी तांबं काढायला.
हे मी इसिडोरला सांगितलं.
तो म्हणाला, मुताले, नट आवळ.

टेस्टर तीनदा लावायचा.
आधी चालू तारेला,
मग बंद केलेल्या तारेला,
मग पुन्हा चालू तारेला.
नाहीतर तार मेली
की टेस्टर मेला,
कुणाला विचारणार?
बा हे रोज सांगत, जणू काल सांगितलंच नव्हतं.

जूनमधला गुरुवार.
चार नंबरच्या पंपाचं बेअरिंग बदललं.
मुख्य स्विच पाडून त्यावर पाच कुलपं:
फिटरांची दोन, इसिडोरचं, बांचं, आणि माझं, सत्तावीस नंबर.
काम संपलं. ज्याने त्याने आपापलं काढलं.
मी मिनीबस गाठायला धावले,
किल्ली गळ्यातल्या दोरीला.

रात्री दहाला दारात कंपनीची पिकअप.
आई म्हणाली, कोण मेलं?
ड्रायव्हर म्हणाला, कुणी नाही. अजून.

वाटभर मी मनात एकच घोकत होते:
मोटरच्या दोन तारांची अदलाबदल केली
की ती उलटी फिरते.
दिवसाच्या तारा कुठे असतात?

गेटवर मला आत सोडेनात.
अंगावर चितेंगे, पायात रबरी चपला,
सेफ्टी बूट नाहीत.
तिच्यामुळेच प्लांट बंद आहे, ड्रायव्हर ओरडला.
असू दे, पहारेकरी म्हणाला, बूट हवेत.
शेवटी त्याने स्वतःचेच काढून दिले.
दोन नंबर मोठे, अजून गरम.

पुढचं मला इसिडोरने सांगितलं.
टाक्या काठोकाठ. सिचोनेच्या हातात बोल्ट कटर.
आणि कुलपापुढे बा, डावा हात खिशात.
सिचोने म्हणाला, पोरगी घरी झोपलीय.
पाहिलीस?
सगळ्यांना माहीत आहे, बा!
असेल. पण कुलूप म्हणतंय ती आत आहे.
एक कुलूप कापलंस,
की उद्यापासून इथे कुणाच्याच कुलपावर
कुणी विश्वास ठेवणार नाही. मीसुद्धा.
पोरगी येईल. थांब.

चाळीस मिनिटं थांबले.

मी आले ती बूट फरफटवत.
कुणी बोललं नाही.
किल्ली दोनदा उलटी घातली.
तिसऱ्यांदा कुलूप उघडलं,
अंगठ्याएवढ्या वस्तूचा असतो तेवढाच आवाज करून.
सिचोनेने स्विच वर केला. पंप घुमला,
आणि जमीन पुन्हा नेहमीसारखी थरथरू लागली.

वाटलं होतं, बा रागावतील. निदान मान हलवतील.
ते म्हणाले, बूट कुणाचे?
पहारेकऱ्याचे.
परत कर, तो मोज्यांवर उभा असेल.

पिकअपमध्ये बसताना मागे पाहिलं.
पॅनलचं दार बंद, वर हिरवा दिवा,
आणि बा तिथेच.
आता त्यांचे दोन्ही हात खिशात होते.
जूनची थंडी होती, त्यामुळे असेल.