जाणे हे क्रियापद

क्योज्जा गावात, मासळीबाजाराच्या वरच्या मजल्यावर
सोमवारी आणि गुरुवारी रात्री आठला वर्ग भरतो.
जिन्यात खाऱ्या पाण्याचा आणि ब्लीचचा वास.
बोस्कोलोबाई फळ्यावर लिहितात: आन्दारे. जाणे.
"चालवा," म्हणतात, आणि नानुली चालवू लागते:
वादो, वाई, वा.
मी जाते, तू जातोस, तो जातो,
इथवर सगळं एका दोरीत.
मग आम्ही येतो, आन्द्यामो,
आणि दोरी भलत्याच खुंटीला.
"असं का?" मागच्या बाकावरून इब्रा.
बाई म्हणतात, दोन जुनी क्रियापदं होती.
एकाचे पाय गेले, दुसऱ्याचं डोकं,
मग दोघांनी मिळून एकच संसार थाटला.

(आपलं जा तरी काय वेगळं?
जातो जातो म्हणता म्हणता
एकदम गेला होतो,
आणि हा ग कुठून आला, कुणी विचारत नाही.)

पहिल्या वर्षी नानुलीकडे काळ नव्हतेच.
मी खाणे. तू औषध घेणे. उद्या मुलगी फोन करणे.
नव्वदीच्या आम्पेलिओला तेवढं पुरे.
जाळी विणण्यात जन्म गेलेल्या म्हाताऱ्याला
बाईंचं शुद्ध इटालियन तसंही जड जाई.
तो आपली गावबोली बोले,
कोमट दूध पिई,
खिडकीतून कालव्यातल्या नावा मोजी,
एक कमी भरली की पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवारी सहायक क्रियापदं झाली.
खाल्लेलं, विकलेलं, हरवलेलं,
या सगळ्याला आवेरे लागतं, जवळ असणे.
खाल्लेलं माझ्याजवळ आहे.
हरवलेलंसुद्धा माझ्याजवळ आहे.
पण जाण्याला ते चालत नाही.
तिथे नुसतं एस्सेरे, असणे:
सोनो आन्दाता. मी गेलेली आहे.
शेवटचा आ बाईमाणसाचा.
नानुलीने तो आ दोनदा गिरवला.
झेस्टापोनीहून बस निघाली तेव्हा
मुलगी नऊ वर्षांची होती, आता सोळाची.
इतकी वर्षं ती गेलेली आहे,
नुसती गेली नाही, गेलेली आहे,
सकाळी उठून डायपर बदलते, गोळ्या मोजते,
आणि गेलेलीच असते.

भविष्यकाळात मधला एक स्वर गळतो.
आन्द्रो. मी जाईन.
"घाईत पडला असेल," बाई म्हणाल्या.
आणि मनातली इच्छा, भीती, शंका
यांच्यासाठी वेगळा अर्थ आहे:
मी जावं, तू जावंस, त्याने जावं,
तिघांना एकच रूप, वादा.
कोण जावं ते वर वेगळं सांगावं लागतं,
नाहीतर घोटाळा होतो.

शनिवारी पहाटे आम्पेलिओने उशीवरून मान उचलली,
पलंगाच्या दांडीवर दोन बोटं वाजवली
आणि म्हणाला, "अंदेमो."
डॉक्टर साडेसातला आला.

गृहपाठात पाच वाक्यं होती.
आम्पेलिओ दूध पितो. आम्पेलिओ नावा मोजतो.
वर मी पिई, मोजी लिहून मोकळा झालो,
पण नानुलीच्या वहीत सगळं वर्तमानात होतं.
रविवारी रात्री खोडरबर घेऊन बसली.
तीन वाक्यं दुरुस्त झाली,
दोन तशीच राहिली.
सून व्हिल्मा दारात उभी, हातात चाव्या:
"तू कधी जातेस?"
बोलताना वर्तमानकाळच भविष्याचं काम करतो.
धडा अकरा.

सोमवारी तिने तक्ता पुन्हा वरून खाली वाचला.
"बाई, अंदेमो कुठल्या काळात?"
बोस्कोलोबाईंनी खडू खाली ठेवला.
"ते पुस्तकात नाही. ते आमच्या घरचं आहे.
आपण जातो, असंही होतं त्याचं.
चल, जाऊया, असंही.
म्हणणारा उठून उभा राहिला का,
त्यावरून ओळखायचं."
नानुलीने विचार केला.
"अर्धा," म्हणाली.
इब्रा हसला, मग हसायचा थांबला.
खाली कुणीतरी पाइप लावून
मासळीचे ओटे धूत होतं.