एकवीस अंश

उथळ पाण्याला खळखळाट फार,
हे ईरी सरोवराला कुणी शिकवायला नको.
डेट्रॉइटकडून वायव्येचा वारा सुटला
की तासाभरात लाटा उठतात,
आखूड, उभ्या, एकीच्या टाचेवर दुसरीचा पाय,
घाईघाईत ठोकलेल्या जिन्यासारख्या.

आमची आधीची बोट सपाट बुडाची.
लायलने स्वस्तात आणली, मीही गप्प बसले,
कारण गाद्यांचा निळा मला आवडला होता.
मागच्या ऑगस्टमध्ये केलीज बेटावरून परतताना
ती प्रत्येक लाटेवर आपटत होती
आणि आमची वाक्यं मधेच फुटत होती:
थियाला जरा
थाड्
घट्ट धर, ती बघ
थाड्
ती बघ घसर
थाड्

तेव्हाच कधीतरी ॲन्सेलने जीभ चावली.
जिभेला हाड नसतं म्हणतात.
दात असतात की भोवती.
चार टाके. नऊ वर्षांचं पोर
टॉवेलात तोंड खुपसून बसलेलं,
रडायलाही तोंड उघडवेना.
धक्का येईपर्यंत लायल एक शब्द बोलला नाही,
आणि पानगळीआधी ती बोट विकून मोकळा झाला.

हिवाळाभर जेवणाच्या टेबलावर जाहिराती.
इंजिन केवढं, गाणी कुठून वाजतात,
चषक ठेवायला खळगे किती.
बुडाबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं.
मग एका शनिवारी ॲन्सेलच्या कंपासपेटीतला कोनमापक उचलला
आणि पोर्ट क्लिंटनच्या यार्डात
पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या बोटींच्या पोटाखाली
बर्फात उताणी झाले.
मागच्या टोकाशी मोजायचं असतं.
पुढून काय, नाक सगळ्यांचंच धारदार.
बारा अंश. चौदा. पुन्हा चौदा.
कुंपणाकडेला एक जुनी, जड, अंगावर मासळीचा वास:
एकवीस.

गॉर्डी नोवॅकीने मे महिन्यात तिची चक्कर घडवली.
सकाळ आरशासारखी. तो म्हणाला, बघा,
लोण्यातून सुरी!
मी म्हटलं, लोणी मला घरी मिळतं.
वारा सुटेल तेव्हा फोन करा.
लायलने बुटांकडे पाहिलं.

गुरुवारी दुपारी फोन आला:
बाई, तुमचा वारा आलाय.

बंधाऱ्याबाहेर तोच जिना, त्याच पायऱ्या.
ॲन्सेल मागच्या बाकावर, तळहात तोंडावर गच्च.
गॉर्डीने वेग वाढवला.
मी गुडघे सैल सोडले, मान आवळली,
थाड् ची वाट पाहिली.
लाट आली, दुभंगली,
दोन्ही बाजूंना पांढरी होऊन मागे गेली.
दुसरी. तिसरी.
कुठेतरी एक पक्कड घरंगळली, तेवढंच.
मी वाट पाहतच राहिले,
उधारी मागायला येणारा माणूस
दारावरून पुढे निघून जावा तशी.

मग मागून आवाज आला:
आई, हिच्यात संडास आहे का, की पुन्हा तो डबाच?

अख्खं वाक्य.
स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.
बोलताना तोंडावरचा हात कधी निघाला
त्याचं त्यालाही कळलं नसावं.

बेटाच्या आडोशाला इंजिन बंद केलं
तशी ती डुलायला लागली,
डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.
गॉर्डी प्रामाणिक निघाला: खोल बुडाची खोड आहे ही.
पळताना शांत, थांबली की चुळबुळ.
पेट्रोलही जास्त पिते.
मी लायलकडे पाहिलं.
रविवारी दुपारी खुर्चीत
दहा मिनिटं न टिकणारा हा माणूस.
चौदा वर्षं झाली.
म्हटलं, डुलण्याचं बघू आम्ही.

भाव तीनदा खाली-वर झाला.
सही करायला पर्स उघडली, तर पेन सापडेना,
कोनमापक मात्र होता,
तुटका, एका कोपऱ्यात अजून चिखल लागलेला.