डोळ्यांवरचं कापड

गुजरातीत मगर पुरुष असतो.
'मगर आव्यो छे', रात्री दोनला फोन येतो, तीनला येतो,
आणि मालिनी घोरपडे अंथरुणातून उठता उठता
त्याची ती करते:
"केवढी आहे? तोंड कुठल्या बाजूला? पोरांना घरात घ्या आधी."

दिवसा ती महापालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीत बसते.
चष्मा नाकाच्या शेंड्यावर, शिक्का उजव्या हाताशी.
सुट्टे नसले तर सरळ परत पाठवते.
मलाही पाठवलंय.

विश्वामित्री पात्र सोडते तेव्हा
मगरी शहरात शिरत नाहीत, ती म्हणते,
शहरच त्यांच्यात शिरलंय, आपल्याला उशिरा कळलं.
मग कारेलीबागेत कुणाच्या पार्किंगमध्ये,
समा रोडला शाळेच्या घसरगुंडीखाली,
एकदा तर गणपतीच्या मांडवात,
उंदराशेजारी, तितकीच गप्प.

पहिली तीन वर्षं मुलांनी तिच्या हातात
फक्त बॅटरी दिली.
"बेन, उजेड धरा."
तिने धरला. आणि उजेड धरणाऱ्यालाच
सगळ्यांच्या चुका दिसतात.
चौथ्या वर्षी दोरी तिच्याकडे आली.
आता स्कूटरवर तिच्यामागे झरीना मलेक असते,
आणि झरीनाच्या हातात बॅटरी.

मी दांडिया बाजारात ब्लाउज शिवते.
माझा संबंध एवढाच, की एक दिवस ती दुकानात आली
आणि काउंटरवर हात ठेवला.
अंगठ्यापासून मनगटापर्यंत अकरा टाके.
(मोजले मी. लांब लांब घातले होते, घाईत.)
"गोणपाट भिजलं की जड होतं गं, कोरडं असलं की उडतं.
अस्तराचं गडद कापड घे. दोन पदरी.
कडेने नेफा ठेव, मी वाळू भरीन."
"माप?"
तिने दोन्ही हात हवेत धरले.
मधलं डोकं मला दिसेना,
तिला मात्र दातांसकट दिसत होतं.

डोळे झाकले की शांत होते, म्हणाली.
अंधार झाला की तिला वाटतं, आपण खोल पाण्यात आहोत.
घाबरलेली असते, म्हणून चावते.
"आणि तू?"
"मीही घाबरलेली असते. म्हणून घाई करत नाही."

गेल्या भाद्रपदात आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी.
मी शिलाईमशीन टेबलावर चढवत होते
आणि दुकानाच्या तिसऱ्या पायरीवर
लाकडाचा ओंडका होता. ओंडक्याने डोळे मिटले. उघडले.

अकोट्याचा पूल बंद, मालिनी पलीकडे.
फोनवर मी म्हटलं, "आलाय."
ती म्हणाली, "आलीय. नीट बघ.
तुझ्याकडे शिवून ठेवलेलं कापड आहे ना?"
होतं. पाच नग. पैसे यायचे होते.
"शटर ओढायच्या काठीला अडकव. लांबूनच.
अलगद सोड, मुलाच्या अंगावर चादर घालतात तसं.
मग हलू नको. बोलूही नको."

माझे हात सुईत दोरा ओवतानाही कापत नाहीत.
त्या रात्री काठी अशी वाजत होती शटरवर,
की वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, कोण आहे?
मी उत्तर दिलं नाही.
पहिल्यांदा कापड पाण्यात पडलं.
दुसऱ्यांदा नाकपुड्यांवर.
तिसऱ्यांदा बसलं.

मग आम्ही दोघी, पायरीवर ती आणि टेबलावर मी,
श्वास घेत राहिलो. किती वेळ, ठाऊक नाही.
माझ्या दोन पदरांखाली तिची नदी होती.
माझ्याकडे असं काही नव्हतं, मी उघड्या डोळ्यांनी बसले.

उजाडता उजाडता मालिनी आली, कमरेपर्यंत चिखल,
मागे झरीना. जबड्याला दोरी, पायांना पट्टी,
चौघांनी उचलली, वीस मिनिटांत गल्ली रिकामी.
जाताना तिने कापड पिळलं, उजेडात धरलं,
नेफ्यावरून बोट फिरवलं.
"एक टाका सुटलाय," म्हणाली.

सोमवारी पाणीपट्टी भरायला गेले.
रांगेत अकरा माणसं. माझी पाळी आली.
तिने चष्म्यावरून पाहिलं,
पाचशेची नोट उलटी करून पाहिली,
आणि म्हणाली, सुट्टे आणा.