विझल्या, विझवल्या

तिबिलिसीतल्या एका तळघरात
भिंतींना जुन्या रजया ठोकून आम्ही आवाज भरतो.
काचेच्या अलीकडे मी, पलीकडे लामारा :
वय एकसष्ट, चष्मा दोरीला,
थर्मासमध्ये पुदिन्याचा चहा.
पडद्यावर परदेशी मालिकेतली चेटकीण.
तिचं तोंड दुसऱ्याच भाषेत हलतं
आणि शब्द लामाराच्या घशातून येतात,
चार पर्वं झाली.

त्या जादूचा नियम एकच :
ऊब निर्माण करता येत नाही.
इथली तिथं नेता येते, एवढंच.
दुसऱ्या पर्वात धाकटी बहीण गारठून निळी पडली,
तेव्हा तिनं दोन्ही तळवे तिच्या छातीवर ठेवले
आणि खोऱ्यातल्या घराघरांतून
निखारा न् निखारा ओढून घेतला.
बहिणीनं डोळे उघडले. संगीत वाजलं.
माझी बायको रडली. मीही, थोडा.
त्या रात्री एकोणीस माणसं झोपेतच गोठली
हे कळायला आम्हांला अख्खं एक पर्व लागलं.

आज तो प्रसंग. एक म्हातारा तिच्यासमोर उभा,
हातात गोठलेल्या दुधाचं भांडं,
चमचा आत ताठ उभा.
आणि ती म्हणते, संहितेत आहे तसंच :
"मला दुसरा मार्ग नव्हता. चुली विझल्या."

लामारा थांबते.
"नुग्झार, पुन्हा घे."
पुन्हा. पुन्हा.
सातव्यांदा मी विचारतो, ओठ तर जुळतायत, अडलंय कुठे?
"क्रियापदात," ती म्हणते.
"चुली अशा आपल्या आपण विझत नसतात."

मग माईक चालू आहे हे विसरून,
किंवा न विसरता :
"त्र्याण्णवचा हिवाळा. लेवान तीन वर्षांचा,
खोकून खोकून वाकलेला.
मी रात्री खिडकीतून वायर सोडली
आणि समोरच्या दवाखान्याच्या लाइनीवर आकडा टाकला.
सगळेच टाकायचे.
तिसऱ्या रात्री दवाखान्याच्या खिडक्या काळ्या झाल्या.
सकाळी दारात चार माणसं, टोप्या हातात.
आत कोण होतं, मी विचारलं नाही.
माझ्या आकड्यानं गेली की शेजारच्या अकरांनी,
कुणाला ठाऊक?
लेवान आता पोर्तुगालमध्ये फरशा बसवतो. रविवारी फोन करतो.
तीस वर्षं मी म्हणत आले, वीज गेली."

वीज गेली.
आमच्याकडेही ती अशीच जाते,
पाहुणा उठून जावा तशी.
हाकललं कुणी, ते वाक्यात येत नाही.

"पुन्हा तीच रात्र आली तर?"
"पुन्हा टाकेन," ती म्हणाली, क्षणही न घेता.
"पण उजाडल्यावर रस्ता ओलांडून सांगेन,
मी टाकला."

आठवा टेक :
"मला दुसरा मार्ग दिसला नाही. चुली मी विझवल्या."
एक अक्षर ओठांबाहेर राहिलं.
ते मी म्हाताऱ्याच्या खोकल्याखाली सारलं.

गुरुवारी वाहिनीचा निरोप आला :
मूळ संहितेला धरून राहा,
नायिका लोकांना आवडायला हवी.
म्हणजे तुम्ही ऐकाल तो सहावा टेक.
लामारानं मानधनाच्या कागदावर सही केली,
थर्मासचं झाकण दोनदा घट्ट केलं,
आणि जिना चढून गेली.

त्र्याण्णव साली मी सात वर्षांचा होतो.
आमच्या स्वयंपाकघरात एक पिवळा बल्ब असायचा,
त्याच्याखाली मी पाढे गिरवायचो.
आजूबाजूच्या सगळ्या इमारती अंधारात.
काल आईला सहज विचारलं,
त्या बल्बला वीज कुठून यायची गं?
ती शेंगा सोलत होती.
"बल्ब?" ती म्हणाली,
"तो आपला लागायचा."