सुकती

चैत्रातल्या अष्टमीची सुकती भर दुपारी पडते.
भांगाचं पाणी, फार लांब जात नाही,
पण काळबादेवीच्या खाडीतले वरचे खडक
तेवढ्यातही चार तास उघडे राहतात.
मी थर्मामीटर टेकवते. चव्वेचाळीस.
रुकैया सोलकर तळहात टेकवते,
म्हणते, "पाव भाजून निघंल."

खडकाला कालवं.
घट्ट मिटलेली, चमचाभर पाणी आत धरून,
कुणाशी बोलायचं नाही असं ठरवल्यासारखी.
बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, काहीच चाललेलं नाही.

आत मात्र
पेशीच्या कडेला कुणाला तरी चटका कळलेला असतो.
एक कायनेज जागं होतं.
ते दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला.
जागं करणं म्हणजे काय, तर
एक फॉस्फेट उचलायचं
आणि शेजारच्या प्रथिनावर नेमक्या जागी ठेवायचं.
इतकंच. एक ठिपका.
किती लहान, ते सांगायला माझ्याकडे उपमा नाही.
पण ठेवल्यावर शेजारी पूर्वीचा राहत नाही,
अंग वळवतो, त्याला काम सुचतं.

पलीकडच्या वाडीवरून कुणी कुकारा दिला
की अलीकडे बांधावरचा माणूस तो पुढे देतो,
साप चावलाय की होडी उलटलीय
हे विचारत बसत नाही, तसं.
शेवटचा कुकारा केंद्रकापर्यंत.
तिथे जुन्या चोपडीतलं एक पान उघडतं
आणि उन्हाने वाकडी होऊ लागलेल्या प्रथिनांना
दोन्ही हातांनी सावरून धरणारी माणसं,
माणसं नाही, तीही प्रथिनंच,
भराभर तयार होऊ लागतात.

मी एक कालव कोयतीने सोडवते,
कल्ल्याचा तुकडा नायट्रोजनच्या भांड्यात टाकते.
मिनिटाचाही उशीर नको. ठिपके पुसले जातात.
पुसणारीही असतात पेशीत,
ठेवणाऱ्यांइतकीच कामसू,
शोधनिबंधाच्या शीर्षकात मात्र सहसा येत नाहीत.
आठवड्याने शिरगावच्या प्रयोगशाळेत
फिल्मवर काळी पट्टी उमटेल.
गडद असेल तर कालव घाबरलेलं होतं.
'घाबरलेलं' हा शब्द माईणकर सर खोडतील.

"आनि पुसलंच नाय तर?"
रुकैया टोपली पाण्यात बुडवत विचारते, मान वर न करता.
मी सांगते, हाक फार वेळ चालू राहिली
तर पेशी तिचा दुसरा अर्थ लावते.
आपलं आवरायला घेते.
"म्हंजे मरते."
हो.

तिचा अश्रफ कुवेतला.
चार वर्षांपूर्वी रात्री अडीचला फोन आला होता,
बॉयलर, दोन्ही हात, हॉस्पिटल.
तो बरा झाला, कामावर लागला,
निकाह झाला, मुलगी झाली, ती आता चालते.
रुकैया अजून फोन उशाखाली ठेवते, आवाज पूर्ण मोठा,
आणि अडीचला उठून बघते
तो वाजलेला तर नाही.
पुसणाऱ्या प्रथिनाचं नाव मला येतं. रेणुभार येतो.
ते इथे कुणाच्या कामाचं नाही,
म्हणून मी टोपलीची दुसरी कडी धरते.

तीनच्या सुमाराला पाणी वळतं.
आधी भेगांतून, मग सगळीकडून.
रुकैया बोट ओठांवर ठेवते.
टक्.
मग बऱ्याच वेळाने आणखी एक.
कालवं सैल होतायत, फटीएवढी,
आपापल्या हिशेबाने.
वरच्या कडेचं एक मात्र
पाणी डोक्यावरून गेलं तरी तसंच.
मेलं वाटतं, मी म्हणते.

ती कोयतीच्या मुठीने ठोकते, कान लावते.
"नाय गं.
मेल्यावं मिटून ऱ्हाता येत नाय."