दम धरा

पितृपक्षात मला कुणी बोलावत नाही.
एरवी गंगापूर धरणाच्या काठी, द्राक्षांच्या मांडवाखाली
लग्न ठरलेल्या जोडप्यांना मी हसायला सांगते,
नंतर रात्री बसून नवऱ्या उजळवते,
दोन छटा, कधी तीन.
म्हणून या पंधरवड्यात कॅमेरा घेऊन देवळालीला आले.
निलगिरीच्या रांगेच्या टोकाला
छातीच्या आजारांचा दवाखाना.
बंद होऊन एकोणीस वर्षं झाली.

फाटकावर केरू पगारे,
शर्टाचं गळ्याजवळचं बटणही लावलेला.
ओपीडीचं जुनं रजिस्टर त्याने पुढे सरकवलं.
नाव. वय. गाव. तक्रार.
शेवटच्या रकान्यापाशी मी अडले, तर
पेन माझ्या हातातून घेऊन त्यानेच लिहिलं :
फोटो.

मागची पानं चाळली.
रोजची एक ओळ, एकाच अक्षरातली :
पेशंट शून्य. सर्व ठीक.
पेशंट शून्य. सर्व ठीक.
फक्त एका जुलैत :
पेशंट शून्य. पश्चिमेचं छत पडलं. बाकी सर्व ठीक.

"अठ्ठेचाळीस खाटा होत्या, एकेचाळीस आहेत,
मोजून घ्या," तो म्हणाला,
जणू जाताना मी एखादी पिशवीत घालून नेईन.
लांब व्हरांडा, पूर्वेला उघडा.
हवा हेच निम्मं औषध होतं तेव्हा,
थंडीतही खाटा बाहेरच.
मच्छरदाण्यांचे हूक अजून छताला, सरळ ओळीत.
झाकणाची पांढरी भांडी, थुंकीची,
एकात एक घालून कोपऱ्यात रचलेली.
सगळ्यात वरच्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय.
तिचा फोटो काढला. भांड्याचा काढला. हुकांचे बारा काढले.

मग दूर माळावर तोफांचा सराव सुरू झाला.
उरलेल्या काचा थरथरल्या.
"तेव्हाही वाजायच्या," केरू म्हणाला,
"आवाज झाला की अख्ख्या वॉर्डाचा खोकला थांबायचा.
एवढाच." त्याने चुटकी वाजवली.
"मग परत."

एक्स-रेची खोली सगळ्यात आत.
सिंकखाली फिल्मांचा गठ्ठा, ओल लागून चिकटलेला.
एकच सुटी निघाली. झरोक्याशी धरली.
"उलटी धरलीत. काळीज डावीकडं असतं, बाई."
त्याने ती फिरवून दिली
आणि फासळ्यांच्या मागून
बाहेरचं जांभळाचं झाड दिसायला लागलं.

कोपऱ्यात पांढऱ्या शाईने : सुगंधा बोडके, २६.

"काळं दिसतं ते चांगलं," तो सांगत होता,
"पांढरं तो आजार."
वरच्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाखाली
रुपयाएवढा एक उजेड होता.
मी काही बोलले नाही.
माझ्या धंद्यात त्याचे पैसे मिळतात.

फिल्म त्याने धरली. प्रकाश थोडा,
ट्रायपॉड फाटकावरच राहिलेला,
शटर पाव सेकंदाचं, हात माझे.
"हलेल," मी म्हणाले.
केरूने घसा साफ केला. पाठ ताठ केली.
बत्तीस वर्षं तो इथे वॉर्डबॉय होता
हे मला त्या आवाजावरून कळलं,
त्याने सांगण्याआधी :
"हनुवटी वर. खांदे पुढं.
दम धरा."

धरला.
खटका पडला.
तेवढ्यात व्हरांड्यात कुणाची तरी शेळी शिरली
आणि केरू फिल्म माझ्या हातात कोंबून,
शिव्या घालत, चप्पल हातात घेऊन
एकेचाळीस खाटांमधून तिच्यामागे पळाला.

निघताना त्याने रजिस्टरात वेळ टाकली.
तुमचाही एक काढू का, विचारलं.
नको म्हणाला. आज दाढी केलेली नाही.
त्या बाईचा आला तर एक कॉपी द्या,
पोस्टकार्डाएवढी पुरे.
ओळखीची होती का, ते मी विचारलं नाही,
आणि आजची ओळ लिहायला
तो माझ्या जाण्याची वाट बघत होता.

बसमध्ये पडद्यावर बघितलं.
एकशे चौदा फोटो. त्यातले बरेच बरे.
सुगंधाबाई अजिबात हललेली नाही.
फासळी न् फासळी, झाडाचं पान न् पान.

बिटको चौकात उतरले, रिक्षावाले ओरडत होते,
छाती दुखायला लागली तेव्हा लक्षात आलं :
सोडा
असं कुणी म्हणालंच नव्हतं.